आखाजीची घागर आणि तीन अंडी

टण्, असा आवाज स्वयंपाकघरातून आला.

जळगावच्या पिंप्राळ्यात दुपारी अडीचला जी शांतता असते, तिच्यात कूलरची घरघर धरत नाहीत. तो आवाज नव्हे, ते हवामान. कूलरसमोर सतरंजीवर आम्ही तिघी ओळीनं आडव्या होतो. पहिल्या सासूबाई, वयाचा मान म्हणून. मधे माझी साडेचार वर्षांची लेक तापी, कारण ती आजीला सोडत नाही. आणि शेवटी मी, जिच्यापर्यंत पोचेतो गार वाऱ्यातला गारपणा दोघींनी वाटून घेतलेला असतो. आवाज ऐकला आणि मला क्षणात कळलं. सासूबाईंच्या चटणीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण उडालं होतं.

डब्यात चटणी नव्हती. चार दिवस आंबवलेली केळी होती, आणि त्या केळ्यांवर मी मोठ्या निष्ठेनं वाढवलेली पाचेकशे चिलटं होती. झाकणाला भोकं पाडायला हवी होती हे मला माहीत होतं. पण सासूबाईंच्या माहेरच्या डब्याला भोकं पाडायचं धैर्य मला झालं नाही, आणि आंबणाऱ्या केळ्यांना सासूबाईंच्या माहेराची भीड नव्हती.

मी उठेपर्यंत चिलटं उठून खोलीत आली होती. सासूबाई तोंड किंचित उघडं ठेवून झोपतात. पुढचं सांगत नाही. त्या उठून बसल्या, पदरानं तोंड पुसलं, पदराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हाई काय शे?"

"चिलटं, आई."

"ते दिखस माले. कोना शेतस इतला?"

"माझी," मी म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली. या घरात एखाद्या गोष्टीला मी ठामपणे 'माझी' म्हणण्याचा तो पहिला प्रसंग, आणि वाट्याला आली ती चिलटं.

चिलटं सरड्यांसाठी होती आणि सरडे माझ्या धाकट्या भावाचे होते. योगराजचं धुळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं दोन वर्षांपूर्वी, रीतसर कागद करून, बुटक्या कॅमेलिऑनची एक जोडी पाळायला घेतली होती. मूळ आफ्रिकेच्या जंगलातली जात. लांबी शेपटीसकट माझ्या बोटाएवढी, हनुवटीखाली दोन खवल्यांची दाढी, आणि रंगरूप हुबेहूब सुक्या पानाचं. बिचाऱ्यांचं कोणाशी वैर नव्हतं. पण फेब्रुवारीत योगराजची सोयरीक शिंदखेड्याला जमली, आणि मुलीकडचे घर पाहायला येणार असं ठरलं. आमच्या खानदेशात घर पाहणं म्हणजे दोन जीप भरून माणसं येतात. ती चहा पितात आणि मग पाण्याच्या टाकीपासून माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत सगळं उघडून बघतात. माझ्या आईनं हाय खाल्ली. "पोरीच्या मामानं सरडे पाहिले तर सोयरीक मोडेल," ती फोनवर म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी योगराज काचेची पेटी मांडीवर घेऊन धुळे-जळगाव एसटीनं माझ्या दारात हजर.

"ताई, लग्न होईपर्यंत. मग घेऊन जातो."

"आणि लग्न झाल्यावर नवरी विचारेल तेव्हा?"

"तोवर ती घरचीच झाली की."

लग्नाआधी लपवायचं आणि लग्नानंतर 'तू आता घरचीच' म्हणायचं, ही पद्धत आमच्याकडे फक्त सरड्यांपुरती नाही. पण तेव्हा मी हे बोलले नाही, कारण योगराजनं पुढचं वाक्य टाकलं. "शिवाय तू झूलॉजीची."

मी झूलॉजीची आहे हे सात वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. माझी बीएस्सीची पदवी लग्नाच्या शालूच्या खोक्यात, शालूच्या खाली आहे. शालू निदान दोनदा बाहेर निघाला. मी पेटी घेतली आणि तापीच्या खेळण्यांच्या कपाटावर, कूलरच्या खोलीत ठेवली. या प्राण्यांना पंचवीस अंशांच्या वर सोसत नाही. होळीच्या आधी कूलर काढणं ही आमच्या घरी चैन समजली जाते. तो सरड्यांसाठी काढला, आणि सासूबाईंनी त्याचा जाहीर निषेध करत पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर झोपायला सुरुवात केली.

बातमी कॉलनीत पसरायला अर्धा दिवस लागला, कारण शेजारच्या सुनंदाबाई सकाळी बाहेरगावी होत्या. त्या आल्या तशा थेट पेटीशी गेल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "कचरा छान गोळा केलाय. सरडे कुठेत?"

मी दाखवले. त्यांना पटलं नाही. नराला वाटलं कोणीतरी धोक्याचं जवळ आलंय, म्हणून तो फांदीवरून सोडून दिल्यासारखा खाली पडला आणि मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. हा त्यांचा स्वभावच असतो. सुनंदाबाई म्हणाल्या, "अगं बाई, मेला ना. मी तर नुसतं पाहिलं." तेव्हापासून कॉलनीत दोन मतप्रवाह झाले. एकाचं म्हणणं सुनंदाबाईंची दृष्ट लागते. दुसऱ्याचं म्हणणं हे आधीपासूनच माहीत होतं.

पाहायला येणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न एकच. रंग कधी बदलतो? मी सांगायची, ही जात फारसा रंग बदलत नाही. तपकिरीचा थोडा गडद तपकिरी होतो, इतकंच. लोक माझ्याकडे फसवणूक झाल्यासारखे बघायचे. ललितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातल्या एकानं तेल कधी काढणार म्हणून विचारलं. आणि एका रविवारी आमच्या वॉर्डाचे नेते रुपचंदभाऊ दोन कार्यकर्ते घेऊन आले. रुपचंदभाऊंनी गेल्या सहा वर्षांत तीन पक्ष पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी वॉर्डाच्या विकासासाठीच. ते पेटीसमोर खुर्ची टाकून पंधरा मिनिटं बसले. त्यांनी हिरवा रुमाल दाखवून पाहिला, मग गळ्यातलं उपरणं दाखवलं. सरडा तपकिरी तो तपकिरीच.

"बदलतच नाही?" भाऊंनी विचारलं.

"नाही, भाऊ."

"परिस्थिती कशीही येवो?"

"कशीही."

भाऊंनी उपरणं पुन्हा गळ्यात टाकलं. "मग जगतो कसा?" असं त्यांनी इतक्या मनापासून विचारलं की मला त्यांची दया आली. जाताना, कुठे काम अडलं तर लागेल म्हणून, त्यांनी एक शिफारसपत्रही लिहून दिलं. लेटरहेड मागल्या पक्षाचं होतं. चिन्हावर त्यांनी पेनानं काट मारली आणि खाली सही केली.

इथवर सगळं चेष्टेत चाललं होतं. होळीच्या दिवशी मादीनं मातीत खड्डा केला, दुपारभर त्यात पाठमोरी बसली आणि तीन अंडी घातली. सोललेल्या शेंगदाण्याएवढी, पांढरी. मग तिनं वरून माती सारखी केली आणि फांदीवर जाऊन बसली.

मी योगराजला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडे दोनदा घातली होती. दोन्ही वेळा उन्हाळ्यात खराब झाली. धुळ्यात जमलं नाही तर जळगावात काय जमेल? तू नाद सोड." तो चांगल्या मनानं म्हणाला. पण 'तू नाद सोड' हे वाक्य मी इतक्या वेळा, इतक्या चांगल्या मनांकडून ऐकलं आहे की त्या क्षणी मी ठरवलं, ही अंडी फुटलीच पाहिजेत. तिन्ही नाही तर दोन. दोन नाही तर एक. पंचेचाळीस ते साठ दिवस, पंचवीस अंशांच्या आत, अंडं जागचं न हलवता. कॅलेंडरवर मोजलं तर ते दिवस एप्रिल ओलांडून जात होते, आणि एप्रिलात जळगावचं तापमान सांगताना बातम्यांतली बाईसुद्धा पदरानं वारा घेते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ललित म्हणाला, फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेव. फ्रिजशी माझे संबंध आधीच बिघडले होते. चिलटं पेटीत सोडण्याआधी ती सुस्त व्हावीत म्हणून मी बरणी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवत असे, आणि ललितनं एकदा ती गुळांबा समजून उघडली होती. सुनंदाबाई म्हणाल्या, अंडी दिवसातून दोनदा उलटी कर, नाहीतर पिल्लू एका अंगानं चपटं निघतं. ही अंडी उलटली तर पिल्लू निघतच नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी तीनशे कोंबड्या होत्या, तू मला शिकवू नको." सासूबाई म्हणाल्या, "कोंबडीना खाले ठेव." तापी म्हणाली, "मी बसते त्यांच्यावर." सगळ्यांत शास्त्रीय तयारी तिचीच होती.

शेवटी उपाय सापडला तो मोरीपाशी. पाणी पिताना माठाला हात लागला, आणि सात वर्षं गंजलेली बीएस्सी एकदम जागी झाली. बाहेर बेचाळीस अंश असोत, झिरपणारं मडकं आतून गारच असतं. मी पिंप्राळ्याच्या बाजारातून मध्यम आकाराची एक कोरी घागर आणली. तिच्यात ओली वाळू भरली. वाळूत श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा रोवला. डब्यात ओलसर मातीवर तीन अंडी, जशी होती तशी, चमच्यानं उचलून ठेवली आणि भोकं पाडलेलं झाकण लावलं. वर ताटली, ताटलीवर फडकं, घागरीभोवती ओलं गोणपाट. घागर मागच्या बोळात सावलीला ठेवली आणि दिवसातून चार वेळा गोणपाटावर पाणी मारायला लागले. पेटीतलं थर्मामीटर आत सोडून पाहिलं. चोवीस. मला इतका आनंद झाला की मी तो सांगायला माणूस शोधला. घरात तापी जागी होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला पण घागरीत बसव."

आता सरकारी भाग. सुनंदाबाईंनी एक दिवस सहज आवाजात सांगितलं की त्यांच्या नणंदेच्या गल्लीत कोणाकडे पोपट होता, कोणीतरी कळवलं, आणि वनखात्याची माणसं येऊन पोपट घेऊन गेली. 'कोणीतरी' म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मध्यमवर्गीय माणसाला गुन्हा करायची भीती नसते, शेजाऱ्यांना तो माहीत असण्याची असते. मी योगराजचा नोंदणीचा कागद, रुपचंदभाऊंचं शिफारसपत्र आणि सरड्यांचे फोटो घेऊन, तापीला स्कूटरवर पुढे उभी करून, वनखात्याच्या ऑफिसात गेले. प्राणी धुळ्याहून जळगावला आले एवढंच लिहून द्यायचं होतं.

टेबलामागच्या साहेबांनी शिफारसपत्र आधी वाचलं. "हे कोणत्या पक्षाचं समजायचं?"

"ते भाऊंनाच विचारावं लागेल."

त्यांनी ते बाजूला ठेवलं. फोटो हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. "यात प्राणी कुठे आहे?"

"मधोमध."

"मला पान दिसतंय."

"तोच."

"ओळखीची खूण काय लिहू?"

"सुक्या पानासारखा दिसतो, असं लिहा."

"बाई, एप्रिलात इथं सगळेच तसे दिसतात," साहेब म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "मूळ मालक कोण?"

"माझा भाऊ."

"मग भावाला आणा."

"त्याला आणता येत नाही. त्याची सोयरीक झालीय, तिकडच्यांना कळलं तर..."

"याला रकाना नाही."

मग मी अंड्यांचं सांगितलं. तेही सांगायला नको होतं, पण मला कोणालातरी सांगायचंच होतं. साहेबांनी चष्मा काढला. "अंडी म्हणजे प्राणी धरायचा की नाही?" त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. शेजारच्या टेबलानं जेवणाचा डबा उघडला होता. तिकडून उत्तर आलं, "फुटेपर्यंत नाही." मग आमच्या साहेबांनी निकाल दिला, "फुटली की या. सध्या स्थळपाहणीला माणूस पाठवतो."

माणूस आठ दिवसांनी आला. छगनभाऊ, वनरक्षक. भर दुपारी मोटरसायकलवर आले, तीन तांबे पाणी प्यायले आणि पेटीसमोर बसले. स्वभावानं फार भला माणूस. त्यांनी आयुष्यात बिबट्या हुडकला होता, पण आमच्या पेटीत त्यांना चाळीस मिनिटं काहीही सापडलं नाही.

"तो बघा, डावीकडच्या काडीवर," मी म्हणाले.

"ताई, ते पान आहे."

"पान नाही, पानाच्या शेजारी."

"तेही पानच आहे."

मी झाकण उघडलं, हात घातला आणि मोठ्या सफाईनं नराला उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी फुंकर मारली. तो उडून सोफ्याखाली गेला. तो पान होता. मी पुन्हा हात घातला. तेही पान. तिसऱ्या पानानंतर छगनभाऊंनी माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला रडू आलं असतं. "घरात कोणी मोठं माणूस आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. मोठं माणूस कूलरसमोर झोपलं होतं. साक्षीदार म्हणून सुनंदाबाई आणि त्यांचे यजमान आले, आणि पंचनामा झाला. 'सदर काचेच्या पेटीत माती व सुकी पाने आढळून आली. जिवंत प्राणी दृष्टीस पडला नाही.' खाली पाहिजे तेवढ्या सह्या. सुनंदाबाईंनी सही करताना पेन दोनदा झटकलं, आणि त्यांच्या सहीला इतकं वळण मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

छगनभाऊंच्या मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर गेला आणि नर डावीकडच्या काडीवरून दोन पावलं चालला. मादीनं एक डोळा माझ्याकडे आणि एक डोळा दाराकडे फिरवला.

मला सरकारदरबारी वेडी ठरवलं गेलं त्याच आठवड्यात घरात माझी किंमत वाढली. झालं असं की सासूबाईंना मागच्या बोळात ती घागर दिसली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी कोरी घागर आणायची, ती आधी पाण्यात भिजवून मुरवायची, सणाला पाटावर मांडून ताज्या पाण्यानं भरायची, वर खरबूज, सांजोऱ्या, हळदकुंकू. उन्हाळ्यात गेलेल्या माणसांना तहान लागते, म्हणून. सासरे जाऊन पाच वर्षं झाली. दर वर्षी घागर आणायची आठवण सासूबाईंना एकटीला होते आणि दर वर्षी ती आदल्या संध्याकाळी, धावपळीत, उरलेल्यांतली येते. यंदा त्यांनी पाहिलं की सुनेनं पंधरा दिवस आधी घागर आणलीय, ओल्या गोणपाटात गुंडाळलीय, आणि दिवसातून चार वेळा तिच्यावर पाणी मारतेय.

त्या मला काहीच बोलल्या नाहीत. सुनंदाबाईंना बोलल्या. मी भिंतीआड होते. "मनी सून बोलस नही, पन ध्यानमा ठेवस," त्या म्हणाल्या. "माले सांगनं पडनं नही."

आता तुम्हीच सांगा. मी तेव्हाच पुढे होऊन 'आई, त्यात सरड्याची अंडी आहेत' असं म्हणायला हवं होतं. पण सात वर्षांत भिंतीआडून ऐकलेली ती पहिली चांगली गोष्ट होती. मी ती दोन दिवस नुसती ऐकत बसले. मग चार दिवस. तोवर ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. समोरच्या घरातल्या सुनेला माझं उदाहरण दिलं जाऊ लागलं आणि तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. त्यात मी आखाजीला माहेरीही जाणार नव्हते. सासुरवाशिणी या सणाला वर्षभर डोळे लावून बसतात, झोके खेळायला माहेरी पळतात, आणि मी आईला फोनवर 'यंदा जमत नाही' म्हणाले. धुळ्यात आई रुसली, पिंप्राळ्यात सासूबाईंनी त्याचाही वेगळा अर्थ लावला. माझ्या भक्तीची कीर्ती वाढतच होती, आणि सगळी भक्ती त्या तीन शेंगदाण्यांवर चालली होती.

मी उपाय योजला होता. आदल्या संध्याकाळी तशीच दुसरी घागर आणायची आणि गुपचूप अदलाबदल करायची. हे काम मी ललितवर सोपवलं. त्याला तीनदा सांगितलं, मध्यम, कोरी, लाल. संध्याकाळी सात वाजता तो आला आणि अभिमानानं पिशवीतून माठ काढला. त्याला नळ होता.

"साध्या घागरी संपल्या होत्या," तो म्हणाला. "आणि हा सोयीचा आहे. वाकायला नको."

"पितरांना?"

"कोणालाही."

मी सकाळी लवकर उठून आईंना सगळं सांगायचं ठरवलं. मी पाचला उठले. सासूबाई चारला उठल्या होत्या. मी पुरणाच्या मागे लागले, पुरण माझ्या मागे लागलं, आणि सहाच्या सुमाराला बाहेरून हाक आली, "बाहेर ये व सून." मी पुरणाच्या हातानंच बाहेर आले. पाटावर गहू पसरलेले. त्यावर माझी घागर, गोणपाट काढून, हळदकुंकवाची पाच बोटं लावून, गळ्यात सुताचा दोरा. शेजारी ललित, जड घागर उचलून आणल्यामुळे कंबरेवर हात ठेवून उभा. त्याला सगळं माहीत होतं. पण त्याला 'उचल' असं सांगितलं होतं आणि त्यानं उचललं होतं. भिजत घातलेली घागर जड असायचीच, म्हणून सासूबाईंना शंका आली नव्हती. दारात सुनंदाबाई, हातात सांजोऱ्यांची ताटली. सासूबाईंच्या हातात भरलेला तांब्या. त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं, डोळे मिटले, घागरीवरची ताटली फडक्यासकट बाजूला केली आणि तांब्या तिरपा केला.

"आई, थांबा. त्यात अंडी आहेत."

पितरांच्या घागरीत, आखाजीला, अंडी. सुनंदाबाईंच्या ताटलीतली एक सांजोरी खाली पडली. सासूबाईंनी डोळे उघडले. तांब्या तसाच तिरपा, थेंब कडेला लटकलेला.

"कसाना अंडा?"

"सरड्यांची. अठ्ठेचाळीस दिवस झाले. आत वाळू आहे, डबा आहे. पाणी गेलं तर मरतील."

त्यांनी तांब्या सरळ केला आणि खाली ठेवला. घागरीत डोकावल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग हाई घागर तू पितरेसकरता आनेल नही."

"नाही, आई."

"मी बठ्ठी गल्लीले सांगी टाकं."

मला त्यांच्या आवाजात राग चालला असता. राग नव्हता. मी पुरणाचा हात पदराला पुसला आणि तिथंच उभी राहिले. सुनंदाबाईंनी ताटली जपून खाली ठेवली, म्हणजे दोन्ही कान मोकळे. सासूबाईंनी त्या ओल्या वाळूला बोट लावून पाहिलं. "तुना सासराबी उन्हायामा माठना जोडेच बसेत," त्या म्हणाल्या. "मी म्हनू, माठले डोकं लाई झोपतस, पोरंसोरं पानी कसं पेतीन." मग त्यांनी कंबर सरळ केली. "ललित, तो नळवाला लई ये."

नळाचा माठ पाटावर आला. त्याला हळदकुंकू लागलं, नळालाही एक बोट लागलं. वर खरबूज बसेना, कारण झाकण चपटं होतं. ते शेजारी ठेवलं. सासूबाईंनी तांब्यानं पाणी ओतलं, हात जोडले, आणि भिंतीवरच्या फोटोला सांगितलं, "औंदा नळवरथून प्या. पोरानी सोय करेल शे." सुनंदाबाईंनी तोंड उघडलं. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमनाकडे नळ नही का, सुनंदाबाई?" सुनंदाबाईंनी तोंड मिटलं.

माझी घागर मी स्वतः उचलून आत नेली. इतकी हलली होती की मला बघायचं धैर्य होईना. तापी उठून आली होती. तिनंच डब्याचं झाकण काढलं. एक अंडं पिवळं पडून आत बसलं होतं. दुसरं तसंच होतं. तिसऱ्याचं नुसतं साल होतं, आणि सालाशेजारी मातीवर एक लवंग पडली होती. मसाल्याच्या डब्यातून माझ्याच हातून पडली असेल असं वाटून मी ती उचलायला बोट पुढे केलं, तर लवंगेनं एक डोळा फिरवला.

मी बोट मागे घेतलं आणि डब्यापाशी खाली बसले. सासूबाई चष्मा लावून आल्या, माझ्या खांद्यावर भार देऊन वाकल्या आणि खूप वेळ पाहत राहिल्या. "यानाकरता? इतलासाकरता?" त्या म्हणाल्या.

"हो."

"दाढी शे याले," त्या म्हणाल्या, आणि सुनंदाबाईंना आत बोलावलं. पंचनाम्यावर सही करणाऱ्या सुनंदाबाईंनी डब्यात पाहिलं, पेटीत पाहिलं, आणि या वेळी कोणी न दाखवता फांदीवरच्या मादीवर बोट ठेवलं. "ती का आई?"

तापीनं लगेच डबा दोन्ही हातांनी उचलला आणि पेटीच्या काचेला नेऊन टेकवला. "बघ, तुझं बाळ आलं," ती मादीला म्हणाली. मादी समोरच बसली होती. तिचा एक डोळा काचेतून डब्यावरून फिरला, पुढे गेला, आणि एका चिलटावर थांबला.

"आई, तिला सांग ना."

"तिला कळत नाही, बाळा. ती त्याला ओळखत नाही."

"का?"

"त्यांच्यात तसंच असतं. अंडी घालायची, माती सारखी करायची. मग तिचं काम संपलं. पिल्लू आपलं आपण मोठं होतं."

"भरवत नाही?"

"नाही."

"झोपवत पण नाही?"

"नाही."

तापीनं डबा खाली ठेवला. ती काचेला नाक लावून फांदीवरच्या त्या सुक्या पानाकडे पाहत राहिली. सासूबाई चष्मा पुसत थांबल्या होत्या. सुनंदाबाईही थांबल्या होत्या. पोळ्या अजून लाटायच्या होत्या, माझी बोटं पुरणानं चिकट झाली होती.

"मग ती दिवसभर काय करते?" तापीनं विचारलं.